गोळी घेण्याआधी गळती शोधा



आपल्या माणसांच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आले की घरोघरी काय होते ते मला पाठ आहे. सून बीट किसायला घेते. कोणी खजूर आणतो. शेजारीण काळ्या मनुका भिजत घालायला सांगते. मुलगा फार्मसीतून लोहाच्या गोळ्यांची बाटली आणून टेबलावर ठेवतो. महिन्याभरात थोडी तरतरी येते आणि विषय मिटतो. खजूर खा, मनुका खा, माझी हरकत नाही. पण या सगळ्या धावपळीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. रक्त कमी झाले, ते गेले कुठे?

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगात लोह कमी पडणे ही बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी आजाराची खूण असते. गच्चीवरची टाकी रोज रिकामी होऊ लागली तर आपण नुसते पाणी चढवत बसत नाही, कुठला नळ गळतो ते आधी पाहतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कारण न शोधता आपल्या वयात महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेत राहणे धोक्याचे आहे. हे पटवून देण्यासाठी आज एका जुन्या जंताची हकिगत सांगते. लोह अंगातून कसे गळते, हे त्याच्याइतके सोपे करून दुसरे कोणी शिकवत नाही.

आधी लोहाचा जमाखर्च पाहू. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, त्यातले बरेचसे रक्तात. रोजच्या जेवणातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागते आणि तेवढेच रोज खर्च होते. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे पोटात कुठेतरी रोज चहाचा एक छोटा चमचा रक्त झिरपले, तर अडीच मिलिग्रॅम लोह जाते. मिळकतीपेक्षा खर्च जास्त! आणि चमचाभर रक्ताने शौचाचा रंग बदलेलच असे नाही. डोळ्यांना काही दिसत नाही आणि तिजोरी रिकामी होत राहते.

तरुण बाईच्या बाबतीत महिन्याच्या पाळीचा, बाळंतपणाचा खर्च असतो. पाळी गेल्यावर तो थांबतो. म्हणूनच सत्तरीच्या बाईला लोहाची कमतरता झाली तर "बायकांना असतेच" म्हणून सोडून देता येत नाही. पुरुषाच्या बाबतीत तर कधीच नाही.

आता तो जंत. पुस्तकात त्याला अंकुशकृमी म्हणतात, दवाखान्यात सगळे हुकवर्मच म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट चिकटतो आणि रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे 0.2 मिलिलिटर रक्त खर्ची घालतो, दुसऱ्या जातीचा त्याहून बराच कमी. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पहिल्या जातीचे शंभर जंत असले तर दिवसाला 20 मिलिलिटर, म्हणजे चार चमचे. त्यातले थोडे लोह आतडे परत शोषून घेते, तरी हिशेब तुटीचाच राहतो.

तो अंगात शिरतो कसा? उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत पडतात. आठवडाभरात त्यांतून निघालेल्या अळ्या अंगात शिरण्याजोग्या होतात. अनवाणी पाऊल पडले की कातडीतून आत जातात. तिथे दोन-चार दिवस खाज सुटते, पुरळ येते आणि माणूस विसरून जातो. अळ्या मात्र रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन आतड्यात पोहोचतात. हे कातडीतून शिरणे उघडकीस आले तेही अपघाताने. 1898 च्या सुमारास आर्थर लूस हे जर्मन संशोधक कैरोत काम करत असताना अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले. हाताला आग आणि खाज सुटली आणि काही काळाने त्यांच्याच शौचात हुकवर्मची अंडी सापडली.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांना अलिबाग, पेण, रोहा, मुरूडकडची गावे आठवतील. ज्या गावांवरून आपली आडनावे पडली तीच ही गावे. वाडीतली ओली माती, भातशेतीचा चिखल, अनवाणी पाय आणि परसाकडेला जायला झाडीची आड. जंताला याहून चांगले घर कुठले? मी मुंबईच्या ज्या रुग्णालयात नोकरी केली, तिथे कोकणातून कामकरी बायका यायच्या. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली कड कागदासारखी पांढरी. नखे मध्ये दबून चमच्यासारखी झालेली. हिमोग्लोबिन चार नाहीतर पाच, आणि बाई स्वतःच्या पायाने चालत आलेली! रक्त हळूहळू कमी झाले की शरीर तेही निभावून नेते. दम लागतो, छातीत धडधडते, पाय सुजतात, पण माणूस म्हणतो, "वय झाले." काहींना माती, भिंतीचा चुना, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. ती ओढ हे लोह कमी असल्याचेच एक लक्षण. सिंगापूरच्या उकाड्यात कोणी दिवसभर बर्फ चावत बसत असेल, तर त्याचेही हिमोग्लोबिन पाहून घ्यावे.

सिंगापूर म्हटले की आज चकचकीत रस्ते डोळ्यांसमोर येतात. पण या जंताचा आणि या भूमीचा संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायात रबराचे मळे झपाट्याने वाढले. इथल्या बोटॅनिक गार्डन्सचे संचालक हेन्री रिडली यांनी रबराच्या लागवडीचा ध्यास घेतला होता. मळ्यांवर राबायला दक्षिण हिंदुस्थानातून मजूर आणले गेले, बहुतेक तमिळ. पहाटे, झाडांच्या दाट सावलीत, ओल्या मातीत अनवाणी फिरून झाडांना चिरे द्यायचे हे त्यांचे काम. संडास नव्हते किंवा असून नसल्यासारखे. जंत मजुरांबरोबर आला आणि मळ्यांत फोफावला.

1915 ते 1917 या काळात रॉकफेलर संस्थेने एक आयोग मलाया, जावा आणि फिजी बेटांवर पाठवला. पनामा कालव्याच्या कामावर रोगनिदान करणारे डॉ. सॅम्युअल डार्लिंग त्याचे प्रमुख. मळ्यावरच्या मजुराला हिवताप असायचा आणि जंतही. दोन्हींनी रक्त कमी होते. मग कोणाचा वाटा किती, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी माणसांना औषध देऊन नंतर पडलेले जंत चक्क मोजले! औषध म्हणजे चेनोपोडियमचे तेल, उग्र वासाचे आणि मात्रा चुकली तर विषारी. पुढे 1920 च्या दशकात सिंगापूर, पिनांग, मलाक्का या वसाहतींतही ग्रामीण स्वच्छतेची मोहीम झाली.

या सगळ्या मोहिमांतून एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली. औषधाने जंत पडतात, पण माती तशीच राहिली आणि पाय अनवाणी राहिले, तर काही महिन्यांत माणूस पुन्हा तिथेच. नुसते लोह दिले तर रक्त भरते आणि जंत तेही पिऊन टाकतो. आधी जंत काढा, संडास बांधा, मग लोह द्या. सिंगापूरला हे पुरे करायला बराच काळ लागला. बादलीचे संडास इथून कायमचे गेले ते 1987 मध्ये. उंच इमारतीतले फ्लॅट, बंदिस्त गटारे आणि पायात चप्पल, या साध्या गोष्टींनी हा जंत इथून जवळजवळ हद्दपार केला. भारतात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ही चांगली गोष्ट आहे. तरी महाराष्ट्रात आजही निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळते. त्याला नुसते जंत कारण नाहीत, पण तेही आहेत.

इथे एक इशारा. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी, असे नसते. 1928 मध्ये डॉ. लूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय लोहाने का बरा होत नाही, हे तिला शोधायचे होते. शेवटी यीस्टपासून केलेल्या मार्माइट या साध्या खाद्यपदार्थाने त्या बायका सुधारल्या. पुढे त्यातला गुणकारी घटक फॉलिक अॅसिड असल्याचे कळले. कामा रुग्णालयातल्या बायकाही तिच्या अभ्यासात होत्या आणि त्या काळात कामाची धुरा आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे होती, हे आपल्या मुलानातवंडांना जरूर सांगा. लोह, फॉलिक अॅसिड, बी-12, मूत्रपिंडाचा विकार, थॅलेसेमियाचा अंश, सगळ्यांत हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. थॅलेसेमियाचा अंश असलेले लोक सिंगापुरात बरेच आहेत. लोह कमी नसताना त्यांनी गोळ्या घेऊन काही साधत नाही. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करा. फेरिटिन म्हणजे लोहाच्या तिजोरीत शिल्लक किती याचा अंदाज.

आता आपल्यावर येऊ. सिंगापुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाच्या अंगातले लोह कुठे जाते? क्वचितच हुकवर्मकडे. आणि "लहानपणी गावी जंत झाले होते" हेही कारण नव्हे. हुकवर्म काही वर्षांतच मरतो, साठ वर्षे पोटात राहत नाही. आपल्या वयातल्या गळत्या वेगळ्या आहेत.

पहिली गळती गुडघेदुखीच्या गोळीची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या रोज घेतल्या की जठराला व्रण पडू शकतो आणि तो दुखलाच पाहिजे असे नाही. मुंबईहून येताना बॅगेतून या गोळ्यांच्या पट्ट्या आणणारे आपले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. त्यात कोणीतरी दिलेल्या सांधेदुखीच्या पुड्या. अशा काही औषधांत स्टेरॉइड आणि वेदनाशामके न सांगता मिसळलेली सापडल्याचे इशारे इथले आरोग्य विज्ञान प्राधिकरण वारंवार देते. दुसरी गळती हृदयासाठी दिलेल्या अॅस्पिरिनची किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांची. ती मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा. तिसरी गळती मोठ्या आतड्यातली, म्हणजे कोंब किंवा कर्करोग. सिंगापुरात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी हा एक आहे. उजव्या बाजूच्या आतड्यात तो असला तर पोट दुखत नाही, रक्त दिसत नाही. पहिली खूण असते ती फक्त रिपोर्टातला लोहाचा आकडा.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांना थकवा यायचा. हिमोग्लोबिन नऊ. "मूळव्याध आहे, त्याचेच," असे त्यांनी स्वतःच ठरवले आणि आठ महिने गोळ्या घेतल्या. आकडा अकरावर गेला म्हणून घरी पेढे वाटले. गोळी बंद केली की आकडा पुन्हा खाली. शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेली होती. आठ महिने आधी कदाचित ती आतच असती. गोळीने त्यांचे नुकसान केले नाही, पण गोळीने खूण झाकली. म्हणून मी या विषयावर इतकी कडक बोलते.

सिंगापुरात 50 वर्षांवरील नागरिक आणि कायम रहिवाशांना शौचातले न दिसणारे रक्त तपासण्याचा फिट संच सिंगापूर कॅन्सर सोसायटीकडून मोफत मिळतो. दरवर्षी करावा. लाजण्यासारखे त्यात काही नाही, घरच्या घरी होते. पण हेही लक्षात ठेवा की ही चाचणी तक्रार नसलेल्या माणसांसाठी आहे. तुमचे लोह आधीच कमी असेल, तर फिट निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नका. दुर्बिणीतून वरून आणि खालून तपासणी करायची का, हे डॉक्टरांशी बोला. वय फार झाले असेल, प्रकृती नाजूक असेल, तर तपासणी न करण्याचा निर्णयही योग्य असू शकतो. मात्र तो विचारपूर्वक घेतलेला असावा, विसरून गेल्यामुळे झालेला नसावा.

हुकवर्मला पूर्ण विसरूही नका. कोकणात गावी महिनाभर राहून आलात, वाडीत अनवाणी फिरलात आणि नंतर पोटाची तक्रार आणि अशक्तपणा आला, तर इथल्या डॉक्टरांना ते आपण होऊन सांगा. सिंगापुरातल्या तरुण डॉक्टराने हा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि अल्बेंडाझोल, एवढ्यावर काम होते. दुखणे ओळखले की औषध स्वस्त आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्यापैकी अनेकांना अंघोळ घालणारी, चाकाच्या खुर्चीत बसवणारी मुलगी इंडोनेशिया, म्यानमार किंवा भारतातल्या एखाद्या खेड्यातून आलेली असते. तिच्या गावी माती आणि संडास कसे आहेत, आपल्याला ठाऊक नसते. सरकारी नियमाप्रमाणे तिची सहामाही तपासणी होते, पण ती मुख्यतः गर्भधारणा आणि संसर्गजन्य रोगांसाठी. ती दुपारी पेंगते, जिना चढताना धापा टाकते, आणि आपण म्हणतो, "आळशी आहे." 1902 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी याच हुकवर्मला आळसाचा जंतू म्हटले होते. दक्षिणेकडच्या ज्या गरीब शेतकऱ्यांना सगळे आळशी म्हणत, त्यांच्यातले कितीतरी मुळात रक्त कमी असलेले होते. तेव्हा तिच्यावर रागावण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. खर्च आपण करावा, तिच्या पगारातून कापू नये. आणि जंत निघाले म्हणून घाबरून तिला परत पाठवू नका. हुकवर्म एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. अळी तयार व्हायला माती लागते, आपल्या फरशीवर ती होत नाही. गोळी घ्या, लोह द्या, दोन-तीन महिन्यांत तीच मुलगी बदललेली दिसेल.

गळती शोधल्यावर मग लोह भरायचे, ते नीट भरा. गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, तासाभराचे अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. थायरॉइडची गोळी घेत असाल तर चार तासांचे अंतर हवे. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड गोळी चालेल का, विचारा. अलीकडच्या संशोधनात ती तशीही चांगली शोषली जाते असे दिसले आहे. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. पण गोळी घेत नसताना डांबरासारखे काळे आणि चिकट झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आकडा बरा झाला तरी तिजोरी भरायला आणखी काही महिने गोळी लागते.

जेवणात मासे, मटण, कोंबडी यांतले लोह अंगाला लवकर लागते. मटण मिठात ठेवून रक्त काढले म्हणून त्यातले सगळे लोह जात नाही. पालेभाजीतले कमी लागते, म्हणून तिच्यावर लिंबू पिळा. इथल्या बाजारात बायम म्हणून मिळतो तो आपला माठच. मलिद्याच्या पोह्यांतही थोडे लोह असते, सोबत पेरू-संत्र्यासारखे फळ असले की ते अंगी लागायला मदत होते. नॉनस्टिकऐवजी लोखंडी कढई काढा. बीट खायचे तर खुशाल खा, पण त्याचा लाल रंग म्हणजे रक्त नव्हे.

पुढच्या भेटीला जाताना एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून न्या. माझे फेरिटिन किती आहे? लोह कमी का झाले? कारण कसे शोधणार? डॉक्टर घाईत असतील, तरी उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. मुलांना वेळ नसेल तर शब्बाथनंतर एखाद्या शेजाऱ्याला बरोबर न्या. आणि टेबलावरची ती बाटली, कारण कळेपर्यंत, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे चालू ठेवू नका.